अकरा सेकंद काहून

मिस्त्रीकाका, तुमच्या अकरा सेकंदांचे पाच केले. मंगळवारी. मला कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही, मला कळलं ते शिडीवर. मिरचीच्या गिरणीत सकाळचा पहिला घाणा होता. मी वर बटण दाबलं, भोंगा सुरू झाला, मी नेहमीसारखी साडीचा घोळ डाव्या हातात धरून उतरायला लागले, आणि चौथ्या पायरीवर असताना भोंगा गप झाला आणि मिक्सर फिरला. एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं. मी उरलेल्या पायऱ्या उतरलेच नाही, उडी मारली आणि खालचं बंद करायचं लाल बटण ठोकलं. पाय मुरगळला. खाली कोणी नव्हतं. नुसतं घमेलं होतं. पण मी त्या घमेल्याकडे पाहत अशी उभी राहिले की पॅकिंगच्या पोरी हसायला लागल्या, "काकूले भूत दिसलं वाट्टे."

तुम्ही गेल्याला बारा वर्षं झाली. मधल्या काळात मी तुम्हाला काही लिहिलं नाही, लिहायला काही नव्हतं असं नाही, पण मी चौथी शिकलेली बाई, माझं लिहिणं म्हणजे किराण्याची यादी. आज सुटी आहे, कूलरमध्ये पाणी भरून बसले आहे, दोनदा उठून भांडी घासली, एकदा उगाच दाराला कडी लावून पाहिली. बसवत नाही. बोलताना मी जशी बोलते तसं लिहिता येत नाही, पण जमेल तसं लिहिते, तुम्ही वाचणार थोडेच आहात.

मिक्सर चालवणारा जुना पॅनल मरायला टेकला आहे. त्याचे भाग आता मिळत नाहीत, म्हणून लहान मालकाने नवा पॅनल आणला आणि जुना प्रोग्राम नव्यात उतरवायला एक पोरगी ठेवली. शहरात मनीषनगरला राहते, इथे कळमेश्वरपर्यंत स्कूटीवर येते, जीनपँट घालते, पॅनलसमोर प्लास्टिकची खुर्ची टाकून मांडीवर लॅपटॉप घेऊन बसते. मिरचीने दिवसभर शिंकते पण उठत नाही. मला काकू म्हणते. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "काकू कोणाले म्हणतं वं, तुह्या मायपेक्षा लहान असन मी." तर म्हणाली, "मग आजी म्हणू का?" तेव्हापासून मला आवडली.

तुमच्या प्रोग्राममध्ये ओळींच्या बाजूला तुम्ही लिहून ठेवलेलं आहे, हे मला तिच्याकडूनच कळलं. त्याला कॉमेंट म्हणतात. इंग्रजी अक्षरं, मराठी बोली. ती मोठ्याने वाचते आणि मला विचारते, कारण त्या मिक्सरवर सगळ्यात जुनी मीच. "काकू, 'मोटर चालू' म्हणजे कोणती मोटर?" मी म्हटलं, "जे चालू होते ते." ती कपाळावर हात मारून घेते. "ते तर मला बाजूच्या ओळीत दिसतंच आहे. मग लिहिलं कशाला?" तुम्ही पानंच्या पानं असंच लिहिलं आहे काका. मोटर चालू, मोटर बंद, झडप उघडी, झडप बंद. एका ठिकाणी 'पंखा दोन' म्हणून चार ओळी आहेत. दोन नंबरचा पंखा तुमच्यादेखत भंगारात गेला, त्याचं लिहिलेलं तसंच राहिलं. त्या पोरीने त्या पंख्यापायी अर्धा दिवस छतावर शोधाशोध केली.

मी तिला विचारलं, हे सगळं मशीन वाचते का? म्हणाली, "नाही काकू. मशीन ह्या ओळी सोडून पुढे जाते. हे फक्त माणसासाठी असतं. उद्या माझ्या जागी जो येईल त्याच्यासाठी." मी म्हटलं, "मंग माणसाले समजन असं कायले नाई लिहिलं मिस्त्रीनं?" ती म्हणाली, "तेच तर. काय होतं ते सगळ्यांनी लिहिलंय. काहून होतं ते कोणीच नाही." काहून हा शब्द ती मला चिडवायला वापरत होती, पण मला तुमची आठवण झाली. मी नवीन होते तेव्हा तुम्ही मला एक टेस्टर दिला होता, पिवळ्या मुठीचा, आणि पंधराच दिवसांनी ओल्या हाताने पॅनल उघडला म्हणून सगळ्यांसमोर ओरडलेही होता. "बटन तं बंदरही दाबते वं. काहून दाबलं ते सांग, मंग हात लाव." मला राग आला होता. बंदर कोणाला म्हणता, असं मी तोंडावर बोलले आणि तुम्ही हसला.

तुम्हाला काहून लिहिता येत नव्हतं असंही नाही. एका ठिकाणी तुम्ही लिहिलं आहे, 'उन्हाळ्यात मिरची तेल सोडते, गोळे होतात, म्हणून मे महिन्यात फेरे कमी.' ती पोरगी हे वाचून इतकी खूश झाली की तिने मला दोनदा वाचून दाखवलं. "बघा, असं पाहिजे!" मी पाहिलं. आणि मग जिथे लिहिलं नाही तिथे तुम्ही मुद्दाम लिहिलं नाही, हे मला कळलं.

भोंग्याच्या ओळीपाशी तुम्ही लिहिलं आहे, 'पाच सेकंद थांबा.' आणि आत आकडा अकराचा. पोरीने पाहिलं, लिहिलेलं एक आणि आकडा दुसरा. तिला वाटलं कोणीतरी मागून चुकून वाढवलं असेल. लहान मालकाला विचारलं, तो म्हणाला, पाचच कर, दर घाण्याला तेवढा वेळ वाचेल. केलं. पोरीची चूक नाही. तिने लिहिलेल्यावर विश्वास ठेवला. तुम्ही आकडा बदलला आणि बाजूचं लिहिणं बदललं नाही, आणि माझा तर त्यात पायच मोडला असता. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, मी रागावले.

पाचाचे अकरा कसे झाले ते फक्त आपल्या दोघांना माहीत होतं. आता मला एकटीला.

त्या दिवसाचं मी लिहिणार नव्हते. लिहिते. माझी मैत्रीण खाली, मी वर. खालच्या तोंडाला मिरचीचा गोळा अडकला की ती झडप उघडून हाताने काढायची, झडप उघडी असली की झडपेचा स्विच मशीनला सुरूच होऊ द्यायचा नाही. पण त्या स्विचमध्ये भुकटी जायची, झडप लावली तरी तो उघडीच समजायचा, मिक्सर बंद, आणि सुपरवायझर वरून बोंबलायचा. म्हणून मी माझ्या केसाचा रबर काढून त्या स्विचला दोन वेढे दिले होते. दाबून बसला म्हणजे झालं, झडप उघडी असो की बंद. आठवडाभर काम कसं झरझर चाललं होतं. सुपरवायझर म्हणाला, बायका सुधारल्या. आणि मग मी बटण दाबलं तेव्हा तिचा हात आत होता.

दोन बोटं. करंगळी आणि तिच्या बाजूचं. तिला घेऊन गाडी गेली, मालक यायचा होता, सगळ्या पोरीबाळी दाराशी रडत होत्या, आणि तुम्ही एकटे झडपेपाशी वाकला. मी शिडीला धरून उभी होते. तुम्ही रबर पाहिला. त्यात माझे केस होते, लांब. तुम्ही तो काढला आणि पँटच्या खिशात घातला. मालक आल्यावर म्हणालात, "स्विच खराब होता साहेब. मी पाह्यला नाई. माही चूक." पुढच्या महिन्यात तुम्हाला कायम करायचं होतं, ते मग कधीच झालं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत तुम्ही मला वर चढवलं. हातात घड्याळ. "बटन दाबलं असं समज. उतर. खाली वाकून पाय." मी उतरले. तुम्ही म्हणालात, "मी पाचात उतरतो. काल भोंगा बसवला तवा म्या पाच टाकले होते." मी म्हटलं, "तुमी पँट घालता." तुम्ही माझ्या साडीकडे पाहिलं, शिडीकडे पाहिलं, म्हणालात, "पुन्हा." तीनदा उतरवलं. तिन्ही वेळा अकरा. मग तुम्ही आकडा बदलला. रबराबद्दल एक शब्द नाही, त्या दिवशी नाही, नंतर सात वर्षांत नाही. मी वाट पाहायचे की आज बोलतील, आज बोलतील. बोलला असतात तर बरं झालं असतं.

बुधवारी मी लहान मालकाच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. पोरगीही होती. मी म्हटलं, अकरा करा. त्याने विचारलं, "काहून ताई?" मी म्हटलं, "मिस्त्री म्हणत होते." पोरगी म्हणाली, "काकू, मिस्त्री म्हणत होते हे कारण नाही ना. कारण सांगा, मी लिहिते." मी म्हटलं, शिडी उतरायला वेळ लागतो. ती म्हणाली, "मी कालच उतरून पाहिलं, पाचात होते." मी म्हटलं, "साडी नेसून उतर." तिला वाटलं मी मस्करी करते. मी तिला ओढत नेलं, पॅकिंगच्या एकीची साडी तिच्या जीनपँटवर गुंडाळली, आणि वर चढवलं. सगळ्या पोरी गोळा झाल्या. "सांभाळ वं नवरी, वरात पडन!" तिने दोनदा घोळ पायात घेतला, एकदा जोरात शिवी दिली, आणि खाली आली तेव्हा मोबाईलमधला वेळ पाहिला. "बारा," म्हणाली.

तिला पटलं. मालकाला नाही. तो म्हणाला, "अहो पण खाली जाऊन पाहायचंच कशाला? झडप उघडी असली तर स्विच मशीन सुरूच होऊ देत नाही. नवा स्विच भुकटीनं जामही होत नाही. मी तर म्हणतो, पाचही नको, भोंगाच काढा." पोरगी माझ्याकडे पाहायला लागली. उत्तर प्रोग्राममध्ये नव्हतं, तुमच्या कॉमेंटमध्ये नव्हतं. फक्त माझ्याकडे होतं. आणि आता ज्या दोघी खाली बसतात, त्यातली एक नवी आहे, दोन महिन्यांची, ती झडपेत कोपरापर्यंत हात घालते. मी तिला तीनदा रागावले आहे.

मी म्हटलं, "स्विच बांधता येते साहेब."

"कोण बांधन?"

"मी बांधला होता."

तेव्हा जो पंखा फिरत होता त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. मी सगळं सांगितलं. रबर, केस, तुमचा खिसा. लहान मालक तेव्हा कॉलेजात होता, त्याला फक्त एवढंच माहीत होतं की एका मिस्त्रीच्या हलगर्जीने एका बाईची बोटं गेली. त्याने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "त्या मिस्त्रीले बाबानं कायम नव्हतं केलं." मी म्हटलं, माहीत आहे. तो म्हणाला, अकरा राहू द्या. आणि म्हणाला, "एक तारखेपासून तुम्ही पॅकिंगले बसा ताई. मिक्सरवर नको." एकोणीस वर्षं मी तो मिक्सर चालवला, त्याच्या आवाजावरून मला मिरची ओली की सुकी ते कळतं. पण तो चुकीचं बोलला नाही.

दुपारी पोरगी लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ आली. "सांगा, तुमच्या शब्दांत. मी टाकते." मी सांगत गेले, ती लिहीत गेली. मग वाचून दाखवलं. 'अकरा सेकंद: वर बटण दाबणारी बाई साडीत शिडी उतरून खाली वाकून पाहीपर्यंत लागणारा वेळ. तीनदा मोजून ठरवला आहे. झडपेचा स्विच कामगार बांधून ठेवू शकतात. एकदा बांधला होता, खालच्या बाईची दोन बोटं गेली. म्हणून स्विचवर भरवसा ठेवून हा वेळ कमी करू नये. आकडा बदलला तर ही टीपही बदलावी.' शेवटचं तिने स्वतःच्या मनाने घातलं. मी विचारलं, माझं नाव टाकलं का? ती म्हणाली, "कोणी केलं ते इथे लिहीत नाहीत काकू. काहून, तेवढंच." मला बरं वाटलं. किती बरं वाटलं ते तिला कळू नये म्हणून मी तोंड पुसलं.

मग ती म्हणाली, "भोंग्याच्या ओळीला काय लिहू? भोंगा काहून?" मी सांगितलं. तिने लिहिलं, 'वरच्या बाईने हाक मारली होती, पण गिरणीच्या आवाजात खाली ऐकू गेली नाही, म्हणून भोंगा.' वाचून दाखवलं, मी हो म्हटलं. ती खुर्चीवर मागे रेलली. "आता उद्या मी सोडून गेले तरी कोणी चुकणार नाही."

काल मैत्रिणीला फोन केला. ती बोटं गेल्यावर पारशिवनीला सासरी गेली ती परत आली नाही, डाव्या हाताने पोळ्या लाटते, नातवंडं आहेत. वर्षातून दोनदा बोलतो. ती तुम्हाला कधीच विसरली नाही काका, पण चांगलं म्हणून नाही. तुम्ही गेल्याचं मी तिला कळवलं होतं तेव्हा म्हणाली होती, "मेला तं मेला. त्याच्या वायरीनं माही बोटं खाल्ली." आणि मी फोनवर हूं म्हटलं होतं. काल मी तिला रबराचं सांगितलं. एका दमात, मध्ये थांबले असते तर राहिलं असतं. तिकडून बकरी ओरडत होती. मग ती म्हणाली, "एवढ्या वर्षानं काहून सांगून राहिली वं तू?"

मी म्हटलं, "आता प्रोग्राममध्ये लिहिलं म्हणून."

"कशात?"

"मशीनमध्ये."

"मशीनले सांगतलं अन् मंग मले?" ती म्हणाली. मग म्हणाली, "त्या मानसाले मी किती शिव्या देल्या. त्याच्या मातीलेही नाई आली. ते आता कोणाले सांगू मी?" मी काही म्हणायच्या आत तिने फोन ठेवला. मी पुन्हा लावला नाही. तिने लावला तर उचलायचा म्हणून फोन इथेच वहीजवळ ठेवला आहे.

तुम्हाला वाटेल आता मी मोकळी झाले. मलाही तसंच वाटलं होतं. मालकाला सांगितलं, तिला सांगितलं, मिक्सर सुटला, अकरा अकराच राहिले. मग आज सकाळपासून मी घरभर का फिरते आहे? भाजी चिरायला घेतली, ठेवली. ही वही घेतली. हे पाठवायला पत्ता नाही, तुमच्या मुलाकडे नेऊन द्यावं म्हटलं तर तो वाचेल, आणि त्याने वाचावं असं मला वाटत नाही. पेटीत साड्यांखाली राहील.

भोंग्याचं ते खरं नाही काका. तुम्ही त्या दिवशी रबर खिशात घातल्यावर मला एकच गोष्ट विचारली होती, अगदी हळू. "हाक तं मारली होती ना वं?" मी मान हलवली. तुमचा चेहरा सैल झाला. हाक मारूनही ऐकू गेली नाही म्हणजे गिरणीचा दोष, माझा नाही, असं तुम्ही धरलं, त्यावर माझी चूक अंगावर घेतली आणि त्यावरच भोंगा बसवला. आता तेच मी त्या पोरीकडून लिहून घेतलं आहे, आणि माझ्यानंतर जो येईल तो ते खरं मानेल. हाक मारली होती, हे खोटं नाही. पण बटण आधी दाबलं. हाक मग मारली.